कोण आलंय?

जुहूत लांब भिंगाचा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा एकच समज असतो : हा कुणातरी नटाच्या मागावर आहे. समज तसा वावगा नाही. इथे जिमबाहेर, हॉटेलबाहेर, दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्याबाहेरसुद्धा कॅमेरेवाली पोरं मोटरसायकली लावून ताटकळत असतात. रविवारी अमिताभ बच्चनच्या 'जलसा'च्या फाटकाशी गर्दी जमते, हा तर कित्येक वर्षांचा नेम आहे. अशा उपनगरात साठी उलटलेला, कापडी टोपी घातलेला गृहस्थ एखाद्या बंगल्याबाहेरच्या झाडावर भिंग रोखून उभा राहिला की दोन मिनिटांत त्याच्या पाठीशी चार माणसं गोळा होतात. "कोण आलंय?" हा पहिला प्रश्न. "तांबट," असं खरं उत्तर दिलं की लगेच दुसरा : "कुठल्या सिरियलमधला?"

निवृत्त माणसानं काहीतरी लावून घ्यावं, नाहीतर तो घरच्यांच्या मागे लागतो, असा आमच्या घरचा सिद्धांत आहे. पर्याय होते. सकाळी किनाऱ्यावर गोल करून हसणारी मंडळी होती. पण ठरल्या वेळी हसायचं काम मी नोकरीत साहेबांच्या विनोदांवर पुरेसं केलेलं आहे. सोसायटीच्या कमिटीत जागा रिकामी होती. तिथे पाण्याच्या टाकीवरून चांगले शेजारी कोर्टात गेलेले पाहिले आहेत. त्यापेक्षा पक्षी बरे वाटले. ते वर्गणी मागत नाहीत, आणि आपण रिटायर होण्याआधी कोण होतो याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. मुलानं कॅमेरा घेऊन दिला. "बाबा, आता मस्त फिरा," म्हणाला. फिरा म्हणजे ताडोबा, भरतपूर असं त्याच्या मनात असावं. मी जुहू-पार्ले स्कीमच्या पलीकडे फारसा जात नाही. गुडघे आणि आळस यांनी मिळून तसं ठरवलेलं आहे.

तर तांबट. चिमणीहून थोडा मोठा, अंगानं हिरवा, कपाळावर लाल टिळा आणि गळा पिवळा. टुक्, टुक्, टुक् असा घण घातल्यासारखा त्याचा आवाज दुपारभर चालतो. हा आवाज तो चोच मिटलेली ठेवून, गळा फुगवून काढतो आणि काढताना मान इकडेतिकडे फिरवतो. त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते ऐकणाऱ्याला कळत नाही. आमच्या इमारतीतल्या बऱ्याच जणांची समजूत आहे की कुणाच्यातरी फ्लॅटमध्ये टाइल्सचं काम चाललंय. जुहूत ती शंका कधीच चुकीची ठरत नाही.

यंदा होळीच्या सुमारास एका बंगल्याच्या कुंपणावरून रस्त्यावर आलेल्या फांदीत तांबटाच्या जोडीनं बीळ कोरायला घेतलं. फांदी वाळलेली, आणि बीळ फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत शिरायला नको. मी फुटपाथवर उभा राहून भिंग लावलं, तसा वॉचमन आला. "अंकल, इधर फोटो अलाउड नहीं है." मी फांदी दाखवली. त्यानं आधी बंगल्याकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी फांदीकडे पाहिलं. कॅमेऱ्याला डोळा लावून बराच वेळ तसाच राहिला. बिळातून एक डोकं बाहेर आलं, चोचीभर लाकडाचा भुसा खाली टाकून पुन्हा आत गेलं. "ये तो अपना घर खुद खोद रहा है," तो म्हणाला. मुंबईत भाड्यानं राहणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य जसं यायला हवं, तसंच आलं.

त्या दिवसापासून माझं काम हलकं झालं. कोण कधी आत गेलं आणि कधी बाहेर पडलं याची नोंद ठेवायची हीच त्या माणसाची नोकरी. मी गेलो की तो खुर्चीतून न उठता हजेरी सांगायचा : "छह बजे एक बाहर गया, दूसरा अंदर. साढ़े सात बजे बदली." तांबटात नर-मादी दोघंही पाळीपाळीनं अंडी उबवतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, यानं ते खुर्चीत बसून शोधून काढलं. पुढे पिल्लं ओरडायला लागली तेव्हा तोच रस्त्यावरच्या लोकांना हाकलू लागला, "अंदर कोई हीरो नहीं है, चलो, चलो." घरट्याचा पत्ता कुणाला सांगायचा नाही, फोटोला फ्लॅश मारायचा नाही, हे पक्षीवाल्यांचे दोन साधे नियम आहेत, पत्ता फुटला की कॅमेऱ्यांची रांग लागते आणि आईबाप पिल्लांना भरवायला येईनासे होतात. जुहूतल्या नटांचे पत्ते इथले रिक्षावाले तोंडपाठ सांगतील. तांबटाचा मी सांगणार नाही.

तसं सिनेमाचं आणि पक्ष्यांचं वाकडं आहे असं नाही. लोके वान थो हा सिंगापूरचा, चित्रपटगृहांचा मोठा मालक. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं तेव्हा तो हिंदुस्थानात आला आणि पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींशी त्याची गट्टी जमली. पुढे तो पक्ष्यांचा नामवंत छायाचित्रकार झाला. सालिम अलींच्या काही मोहिमांचा खर्चही त्यानं उचलला. १९५७ साली 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' हे त्याचं पुस्तक निघालं. गड्याकडे पैसा, वेळ आणि थिएटरं तिन्ही होती. आमच्याकडे यातली एकच गोष्ट आहे, पण ती भरपूर आहे.

आणि वेळेला कमी लेखू नये. सालिम अली पुढे इथून जवळच, वांद्र्याच्या पाली हिलवर राहिले. पण १९३० साली ते जर्मनीतून शिकून परत आले तेव्हा मुंबईच्या म्युझियममधली त्यांची जागा पैशाअभावी बंद झाली होती. नोकरी नाही, म्हणून ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरणींची वसाहत होती. तिच्यासमोर बैठक मारून त्यांनी महिनोन्‌महिने नुसतं पाहिलं, आणि नर सुगरण एकामागून एक घरटी विणत जातो, मादी पसंत करील तसा एकेक संसार मांडत जातो, हे नीट लिहून काढलं. जगानं त्यांचं नाव घ्यायला सुरुवात केली ती अशा रिकामपणातल्या कामापासून. हा दाखला मी घरात वारंवार देतो. "त्यांनी भाजी आणली असेल त्या दिवसांत," असं उत्तर मिळतं.

उष्ण कटिबंधात कॅमेरा सांभाळणं हे मात्र पक्षी सांभाळण्याहून कठीण. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मुंबईवर सूर्य भर दुपारी बरोबर माथ्यावर येतो. आपली सावली पायाखाली जाते. एरवीही नऊ वाजले की ऊन उभं पडायला लागतं, पक्ष्याची पाठ झगझगते आणि पोट काळं पडतं. सकाळचे दोन तास काय ते आपले. त्यात पानं. थंड देशात हिवाळ्यात झाडं उघडी पडतात आणि पक्षी आयते दिसतात म्हणे. आमच्याकडे आंबा, वड बाराही महिने अंगभर नेसून असतात. मग जूनमध्ये पाऊस येतो, समुद्राची खारी हवा घरात शिरते आणि भिंगाच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे काचेच्या आतल्या लेपावर पसरतात. वेळेवर काढले नाहीत तर काचेवर कायमचे व्रण.

यावर उपाय हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल. त्याचे निळे खडे ओल पिऊन गुलाबी होतात, तापवले की पुन्हा निळे. मी कढई मागितली. बायकोनं पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. "अहो, हे विषारी आहे. माझी कढई नाही मिळायची. तुमचं जुनं दाढीचं भांडं घ्या." तेव्हापासून दाढीचं भांडं पक्षिशास्त्राच्या सेवेत आहे. हवाबंद डबा मूळचा पापडांचा, हे तिला गौरी-गणपतीपर्यंत कळलं नव्हतं.

इमारतीत माझी प्रतिष्ठा वाढली आहे ती भारद्वाजामुळे. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, ही आपली जुनी समजूत. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाची व्हिसाची मुलाखत होती. "भावजी, भारद्वाज दिसला की मिस्ड कॉल द्या, तो तेव्हाच निघेल." भारद्वाज कुंपणाच्या झुडपात साडेसातला दिसला, मुलगा पावणेआठला निघाला, व्हिसा मिळाला. आता दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी माझ्याकडे चौकशा येतात. टिटवीबद्दल कुणी विचारत नाही. जुहूच्या विमानतळाच्या बाजूनं रात्री तिचं ओरडणं ऐकू येतं. ती अशुभ, म्हणून सगळे खिडक्या लावून घेतात. हा विमानतळ १९२८ साली सुरू झालेला, देशातला पहिला नागरी. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. आता तिथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. जुहूत बारमाही दिसणारा हंस एकच, पवन हंस. दुर्बीण वर जायच्या आत आवाजावरून ओळखता येतो.

माझा खरा लोभ किनाऱ्यावरच्या कुरवांवर. पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की ते येतात. काळ्या डोक्याचे आणि तपकिरी डोक्याचे. तपकिरी डोक्याचे लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांवर वाढतात. गंमत म्हणजे इथे असतात तोवर डोकं दोघांचंही पांढरं असतं, कानामागे तीट लावल्यासारखा एक गडद ठिपका तेवढा. विणीचा रंग चढायला लागतो मार्चमध्ये, म्हणजे परत निघायच्या वेळी. नट मेकअप करून लोकांसमोर येतो. हे लोकांसमोर असेतो साधे राहतात आणि मेकअप चढला की गावी जातात. ओळखायचे पंखांवरून : तपकिरी डोक्याच्या पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात, काळ्या डोक्याच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. पांढरा पक्षी, मागे चकाकतं पाणी आणि मध्येच एक कावळा, अशा चौकटीत कॅमेऱ्याचं आपोआप चालणारं डोकं साफ बिघडतं. उजेड हातानं वाढवावा लागतो.

कुरव आणि चिखले नावाचे छोटे पक्षी बघायचे तर ओहोटी हवी, ओली वाळू उघडी पडायला हवी. तिची वेळ बघायला मोबाइल लागत नाही, 'कालनिर्णय' पुरतं. कोकणपट्टीचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. शाळेत छड्या खाऊन पाठ केलेली पाऊणकी उभ्या नोकरीत एकदाही उपयोगी पडली नाही. ती आता चिखले शोधायला कामाला येते. यातून झालं असं की माझ्या सोयीच्या सकाळी नेमक्या संकष्टीला यायला लागल्या. घरात बायकोचा उपास, आणि मी आठ वाजता दुर्बीण घेऊन बाहेर. चंद्राची वाट दोघंही बघतो, म्हटलं तर पटत नाही तिला.

फ्लेमिंगोंसाठी मी धावत नाही. ठाण्याच्या खाडीत ते हजारोंनी येतात. २०१५ साली तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसरच्या यादीत नाव लागलं. ऐरोलीहून बोटीनं जाऊन बघता येतात आणि एकदा अवश्य बघावेत. पण ज्या मंडळींना दर शनिवारी नवा पक्षी लागतो, त्यांचं नि माझं जमत नाही. ते एका पक्ष्यासाठी पाचशे किलोमीटर गाडी हाकतात आणि दारातल्या दयाळाला 'कॉमन आहे' म्हणून सोडून देतात. माझ्या मते या छंदात ज्याला जागेवरून हलता येत नाही तोच सर्वांत उपयोगी : वॉचमन, किनाऱ्यावरचा भेळवाला, निवृत्त माणूस. कुरव पहिल्यांदा कुठल्या दिवशी आले हे जुहूत मला विचाराल तर वही उघडावी लागते. भेळवाला तोंडी सांगतो, कारण त्या दिवसापासून त्याची शेव जास्त खपते.

हेच माझं एकमेव गाऱ्हाणं. लोक कुरवांना शेव-गाठिया उधळतात, कुरव हवेतल्या हवेत झेलतात, मोबाइलवर व्हिडिओ निघतात. हजारो किलोमीटर परत उडायचं असलेल्या पक्ष्याचं पोट तळलेल्या बेसनानं भरणं बरं नव्हे. मी दोन-तीनदा समजावून पाहिलं. "अंकल, दान आहे," असं उत्तर आलं.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. त्या आठवड्यात तिथी बघून, पाऊणकी करून जुहूला या. मोठं भिंग नको, साधी दुर्बीण आणि वही पुरे. दिसेल ते तारीख घालून लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा या. कुरवांना काही खायला आणू नका, त्यांचं खाणं समोर समुद्रात आहे. शेव आणलीच असेल तर माझ्याकडे द्या. मी साधारण साडेआठपर्यंत तिथेच असतो आणि संकष्टी माझी नसते.