टपरीवरचे वायफाय: नवशिक्यांसाठी

लॅमिंग्टन रोडला घासाघीस करून राउटर आणलात? शाब्बास. आता लालबागच्या टपरीवर तो खिळ्याला अडकवायच्या आधी एवढे करा.

१. साल निवडा. पासवर्ड, अँटेना वगैरे नंतर. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र विनापरवाना नुसते बाळगले तरी गुन्हा. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरात आणि बाहेरही मोकळा झाला. ताकद मात्र ४ वॅटपर्यंतच. इथपर्यंत तुम्ही सज्जन आहात.

२. २००८ टाळा. त्या साली अहमदाबादच्या स्फोटांचा ईमेल सानपाड्यातल्या एका घराच्या वायफायवरून गेला, पुढचा माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या, त्यानंतरचा चेंबूरच्या एका कंपनीच्या. मालकांना पत्ताच नाही. मग २००९ उजाडताच मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडे वायफाय शोधायला निघाले. सापडले की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली नोटीस. हवालदार आला तर घाबरू नका, चहा पुढे करा. पासवर्ड आहे एवढेच सांगा, काय आहे ते नको. आणि ‘बाप्पा१२३’ ठेवू नका. लालबागेत तो शेंबडे पोरही ओळखेल.

३. २००९ च घ्यायचे असेल तर आधी झेरॉक्स मशीन घ्या. दूरसंचार विभागाचा हुकूम होता: सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याच्या फोटो ओळखपत्राची प्रत वर्षभर जपा, नाहीतर एसएमएसवरून लॉगिन द्या. कटिंग पिताना मेल बघणाऱ्याची फाइल! ठेवायला जागा नाही? बिचारे. खारी-बटरच्या बरण्या रिकाम्या करा.

४. एवढा व्याप झेपत नसेल तर सरळ सरकार व्हा. आपण वाटले तर निष्काळजीपणा, सरकारने वाटले तर योजना. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगलचे फुकट वायफाय आले. वर्षभराने राज्य सरकारने मुंबईत ५०० हॉटस्पॉट सुरू केले. फीतही कापायला मिळते.

५. सरकार होणे जमले नाही तर डिसेंबर २०२० पर्यंत दम धरा. पीएम-वाणी योजना म्हणते, चहावाल्याने, वाण्याने वायफाय विकावे. त्याला परवाना नको, शुल्क नको, नोंदणीसुद्धा नको. खिळा तोच, राउटर तोच. कागदोपत्री तुम्ही आता ‘पब्लिक डेटा ऑफिस’ आहात. ऑफिस म्हटल्यावर दुपारी जेवणाची सुट्टी जाहीर करा.

६. गिऱ्हाइकाला ओटीपी मागवायला सांगा. ओटीपी येतो मोबाइलच्या रेंजवर, आणि रेंज नाही म्हणूनच तो तुमच्याकडे आलेला असतो. त्याला समोरच्या चाळीच्या गच्चीवर पाठवा. तिथे ओटीपी आला की वेळ संपायच्या आत धावत खाली येऊन टाकायचा. गच्चीवर रेंज आहे तर खाली कशाला यायचे, असे विचारणाऱ्याला उधारीवर चहा देऊ नका.