श्रोत्यांच्या सुरक्षिततेसाठी

व्याख्यान ही मुळात धोक्याची गोष्ट आहे, याचा आता लोकांना विसर पडला आहे. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनमधल्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या पाठबळावर ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ नावाची सभा काढली. तिची एक मराठी शाखा होती, एक गुजराती. मुले निबंध वाचायची, त्यावर वाद घालायची. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. वरवर पाहता निरुपद्रवी प्रकार. पण ऐकता ऐकता या मंडळींच्या डोक्यात शिरले आणि १८४९ मध्ये ती चक्क मुलींच्या शाळा काढून मोकळी झाली. मराठी मुलींसाठी वेगळ्या, पारशी मुलींसाठी वेगळ्या. वर फावल्या वेळात फुकट शिकवायलाही जाऊ लागली. पुढे १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करून लोकांची उन्हाळ्याची झोपही धोक्यात आणली.

आमच्या दादरच्या मंडळाने या इतिहासापासून घ्यायचा तो धडा घेतला आहे. आमच्याकडे व्याख्यान ऐकून कोणी काही करून बसल्याचे उदाहरण नाही.

परवाचाच कार्यक्रम घ्या. विषय होता ‘बहुभाषिक मुंबई : काल, आज, उद्या’. वेळ सहाची. पावणेसातला प्रमुख पाहुणे आले आणि दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद करण्यात आले. मेणबत्ती पाहुण्यांकडून वक्त्यांकडे, वक्त्यांकडून अध्यक्षांकडे, अध्यक्षांकडून त्यांच्या सौभाग्यवतींकडे गेली. फोटोत अध्यक्षांचे डोळे मिटलेले आले म्हणून पेटलेली वात विझवून पुन्हा पेटवण्यात आली. एवढा वेळ पंखे बंद राहिल्यावर श्रोत्यांची निम्मी विचारशक्ती घामावाटे निघून जाते. उरलेल्या निम्मीसाठी प्रास्ताविक असतेच.

परिचय करून देणाऱ्या बाईंनी वक्त्यांचा बायोडाटा शाळेपासून वाचला. मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. मग देणगीदारांचा सत्कार, देणगीदारांच्या वडिलांच्या तसबिरीला हार, दहावीत नव्वद टक्क्यांवर गेलेल्या नातवंडांना पाकिटे. वक्ते माईकसमोर आले तेव्हा आठ वाजायला आले होते. हॉल साडेआठला सोडायचा होता.

गृहस्थ अनुभवी नसावेत. त्यांनी थेट विषयालाच हात घातला. इथून माटुंगा कितीसा लांब, म्हणाले. आपल्यापैकी किती जण आजवर म्हैसूर असोसिएशनच्या हॉलमध्ये एखाद्या कार्यक्रमाला गेले आहेत? सभागृहात चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीकडे पाहू लागल्या. क्षणभर वाटले, आता कोणीतरी खरोखर विचार करणार. पण कार्यवाह जागे होते. चिठ्ठी पुढे सरकली : ‘कृपया आटोपते घ्यावे.’ वक्त्यांनी ती वाचली, घाम पुसला आणि मुंबईने सर्वांना पोटाशी धरले आहे, असे सांगून भाषण संपवले. टाळ्या.

बहुभाषिकतेवरच्या व्याख्यानाला श्रोते एकाच भाषेचे असणे, तेही शक्यतो त्याच तीन इमारतींमधले असणे, काहींना खटकते. मला ते शहाणपणाचे वाटते. शिवाजी पार्कला बंगाली मंडळींचा क्लब आहे, माटुंग्याला कर्नाटक संघ आहे, फोर्टात पारशांची कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, आपले मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९८ पासून उभे आहे. एवढी सोय असताना दुसऱ्याच्या हॉलमध्ये जाऊन बसायचे कशाला? आपल्या माणसांत, आपल्या भाषेत, आपण किती सर्वसमावेशक आहोत हे निवांत बोलता येते. समोर दुसरा बसलेला असला की तोही बोलणार.

मंडळातल्या एका तरुण सभासदाने मागे सुचवले होते की, एकदा माटुंग्याच्या तमिळ मंडळींना बोलवू, त्यांचाही एखादा वक्ता ठेवू. कार्यकारिणीने प्रस्ताव मनापासून घेतला. सूत्रसंचालन कोणत्या भाषेत, यावर एक बैठक झाली. बटाटेवडा की मेदूवडा, यावर दुसरी. आता उपसमिती नेमली आहे. तरुण सभासद नोकरीसाठी बंगळूरला गेला आहे. तो आता तिथल्या मराठी मंडळाच्या उपसमितीवर आहे.

तसे परभाषक सभागृहात अजिबात नव्हते असे म्हणता येणार नाही. माईकवाला मल्याळी होता. चहाचे ट्रे फिरवणारी दोन मुले आजमगडची. पंख्यांच्या बटनांपाशी उभा असलेला वॉचमन नेपाळी. आभारप्रदर्शनात ‘ज्ञात-अज्ञात हितचिंतक’ या सदरात त्यांचा समावेश करण्यात आला.

प्रश्नोत्तरांना पाच मिनिटे उरली होती. ती एका ज्येष्ठ सभासदांनी घेतली. माईक हातात येताच ते म्हणाले, ‘प्रश्न नाही, दोनच मिनिटे बोलतो,’ आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपण कोणत्या गल्लीत उभे होतो इथपासून सुरुवात करून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आले. शेवटी ‘यावर आपले मत काय?’ असे विचारले. वक्त्यांनी ‘आपण म्हणता ते बरोबरच आहे’ असे सांगितले. संध्याकाळची सर्वांत मोठी टाळी याच उत्तराला पडली.

साडेआठला हॉल रिकामा झाला. सगळे जसे आले होते तसेच्या तसे घरी पोचले.

मालेचे पुढचे पुष्प येत्या शनिवारी गुंफले जाईल. विषय ‘संवाद : काळाची गरज’. सत्कारमूर्तींची यादी वाढल्यामुळे वक्ता अद्याप ठरवलेला नाही. श्रोत्यांनी वेळेवर यावे, ही विनंती.