पाचशे बैल आणि एक ई-सायकल

यवतमाळच्या दत्त चौकात ई-सायकल उभी केली की पाच मिनिटांत माणसं जमतात आणि जमलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: एका चार्जिंगमध्ये किती चालते? दुसरा प्रश्न किमतीचा. किंमत ऐकल्यावर तिसरा प्रश्न विचारावा लागत नाही, तो तोंडावरच दिसतो. एवढ्यात सेकंडहँड मोटरसायकल येते, हे विचारणारा आणि सांगणारा दोघांनाही ठाऊक असतं. मात्र ही सायकल किती ओझं वाहते, आणि वाहते तर अंगावर कुठे वाहते, हे कुणी विचारत नाही. विकणाराही त्या वाटेला जात नाही. जाहिरातीतला तरुण रिकाम्या रस्त्यावर रिकाम्या सायकलवर हसत बसलेला असतो. त्याला डबा नाही, छत्री नाही, चार्जर नाही आणि नातेवाईक तर नाहीतच. असा माणूस यवतमाळ जिल्ह्यात कुठून कुठे जात असेल, हे कल्पनेच्या पलीकडचं आहे. माझं म्हणणं असं की, या जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत ई-सायकलचा प्रवास बॅटरीवर ठरत नाही. तो मागच्या चाकाच्या दोन बाजूंना काय टांगलंय आणि कसं टांगलंय, यावर ठरतो.

आधी बॅटरीवाल्यांची समजूत काढू. ते म्हणतील, ओझं लादलं की बॅटरी लवकर उतरते. उतरते, पण किती? यवतमाळ पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. वणीकडचा मुलूख त्याहून दोनेकशे मीटर खाली. म्हणजे वणीहून येणाऱ्याला एकूण तेवढं चढावं लागतं. पंधरा किलो सामान दोनशे मीटर वर उचलायला आठ वॅट-तास ऊर्जा पुरते. मोटरमध्ये वाया जाणारी धरली तर अकरा. 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 360 वॅट-तास असतात. म्हणजे तीन टक्के. मधले चढउतार धरून ते दुप्पट करा, सपाटीवरचं टायरचं घर्षण मिळवा, तरी सगळं मिळून दहा टक्क्यांच्या घरात जाईल. समोरून येणारा वारा याहून कितीतरी जास्त खातो आणि त्याच्याविरुद्ध कुणी तक्रार करत नाही. शिवाय हा हिशेब जसा सामानाच्या पंधरा किलोंना लागू, तसाच स्वाराच्या पोटावरच्या पंधरा किलोंनाही लागू आहे; पण त्याबद्दल चौकात विचारायची पद्धत नाही. थोडक्यात, ओझ्याने बॅटरी मरत नाही. मरतो तो तोल. पाय मारून चालवायच्या सायकलवर जास्त सामान घेतलं तर पहिल्याच चढाला मांड्या निषेध नोंदवतात. मोटर मात्र काही म्हणत नाही. ती चुकीचं बांधलेलं ओझंही तितक्याच उत्साहाने ओढते, आणि चूक उतारावर, ब्रेक दाबल्यावर समजते.

ओझं कसं लादावं, हे शिकायला या भागातल्या माणसाने जर्मन कंपन्यांची माहितीपत्रकं वाचावीत, हा तर विनोदच झाला. वऱ्हाडातून मुंबईला कापूस पाठवण्याची सुरुवात 1825-26 साली विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी केली. पहिली खेप सुमारे 1,20,000 पौंडांची होती आणि ती पाचशे बैलांच्या पाठीवर गेली. भागाकार करून पाहा: एका बैलावर 240 पौंड, म्हणजे 109 किलो, एका कुशीला साधारण 54. आज चांगल्या सायकलच्या कॅरिअरवर ‘कमाल 25 किलो’ असं छापलेलं असतं आणि ते वाचूनच आपल्याला घाम फुटतो. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरत होता. त्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे एका रांगेत चालताना पाहिले आणि थक्क होऊन लिहून ठेवलं. ती लदेणी, म्हणजे बैलांवरची मालवाहतूक, करणाऱ्या लमाणांचे वंशज आज पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेडच्या तांड्यांतून राहतात. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक त्यांच्यातलेच. बैलाच्या पाठीवरची गोण दोन्ही कुशींना सारखी भरायची, पोटालगत घट्ट बसवायची, हलू द्यायची नाही. एका बाजूला पायलीभर धान्य जास्त झालं तर पाठ सोलते आणि सोललेल्या पाठीचा बैल दुसऱ्या दिवशी उठत नाही. ई-सायकलची पाठ सोलत नाही, पण तिच्या मागच्या चाकाचे आरे तुटतात. आणि बैल निदान आधी मान हलवून सांगायचा.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे येऊ, कारण खरी करमणूक तिथेच आहे. खुर्जी, म्हणजे मागच्या चाकाच्या बाजूला टांगायची पिशवी, बसवायची तर आधी कॅरिअर हवं आणि कॅरिअर कसायला फ्रेमवर, मागच्या एक्सलजवळ, आट्यांची भोकं हवीत. पुष्कळ ई-सायकली डोंगरातल्या सायकलींचा अवतार घेऊन येतात. त्यांना जाड टायर असतात, पुढे स्प्रिंग असते, भोकं नसतात. असलीच तर तिथे डिस्क ब्रेकचा चिमटा आडवा येतो आणि कॅरिअरचा पाय त्याच्यावरून वाकवून न्यावा लागतो. एका बाजूने हबमधल्या मोटरची वायर बाहेर पडते. कॅरिअरचा नट तिच्यावर कसला की पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये ती कुरतडली जाते, आणि मग ‘मोटर खराब निघाली’ म्हणून दुकानाशी भांडण. हे सगळं जमवून खुर्जी टांगली की पुढचा पेच टाचेचा. ई-सायकलचा मागचा भाग आखूड असेल तर प्रत्येक फेऱ्यात टाच पिशवीला लाथ मारते. यावर उपाय सोपा आहे, खुर्जी चार बोटं मागे सरकवायची. पण फार मागे सरकवली की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल स्वतःच्या मतांनी वागू लागतं. काही सायकलींत बॅटरीच कॅरिअरच्या आत असते. तिथे कॅरिअरची नळी इतकी जाड की खुर्जीचे हूक तिला मिठीच मारू शकत नाहीत, आणि आधीच उंचावर असलेल्या बॅटरीच्या डोक्यावर आणखी गाठोडं चढलं की उभी सायकल हलक्याशा धक्क्यानेही आडवी व्हायला तयार असते. सायकल घेताना रंग नंतर पाहावा. आधी खाली बसून एक्सलजवळची भोकं मोजावीत. दुकानदार विचित्र नजरेने पाहील, पाहू द्यावं.

यावर आक्षेप येतो की आपल्याकडे ट्यूबची पट्टी असताना ही नसती उठाठेव कशाला. जुन्या ट्यूबची कापलेली रबरी पट्टी ही महाराष्ट्राची मोठी तांत्रिक देणगी आहे, हे मला मान्य आहे. तिने गॅसचं सिलिंडर बांधलंय, बोकड बांधलाय, लग्नातली पत्रावळ बांधलीय. पण ती ज्या काळ्या सायकलीवर बांधायची, तिचं कॅरिअर लोखंडी, स्टँड दुहेरी आणि वेग माणसाच्या पायांचा. शिवाय त्याच सायकलीवरच्या दूधवाल्याकडे नीट पाहा. त्याने कॅन कॅरिअरच्या वर कधी रचले नाहीत. दोन्ही बाजूंना, चाकाच्या मधोमध उंचीला, लोखंडी आकड्यात अडकवले. एका कॅनमधलं दूध संपत आलं तर दुसऱ्यातलं त्यात ओतून दोन्ही सारखे करणारा हा माणूस खुर्जीचं सगळं शास्त्र रोज पहाटे अमलात आणत आला आहे. ट्यूबच्या पट्टीने वर बांधलेलं गाठोडं रबरासारखंच डुलतं, आणि ताशी 25 किलोमीटरने पहिला खड्डा आला की स्वार, सायकल आणि गाठोडं अशी तीन वेगळी मतं तयार होतात. पाठीवर सॅक घेऊ म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात 45 अंशांत पांढरकवड्यापर्यंत ती घेऊन जावी. घामाचा मुद्दा मी काढत नाही, पण दहा किलो वजन जमिनीपासून दीड मीटर उंचीवर टांगून तोल साधणं हा सर्कशीचा विषय आहे.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. बाहेरच्या देशातल्या चांगल्या खुर्ज्यांच्या जोडीची किंमत ऐकून मारेगाव-झरीतला शेतकरी तेवढ्या पैशात बी-बियाणं येईल म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण प्रत्येक तालुक्याच्या गावी सीट कव्हर शिवणारा बसलेला असतो. त्याच्याकडे रेक्झिन आहे, ताडपत्री आहे, जाड सुई आहे आणि मोटरसायकलच्या टाकीवर वाघ शिवून देण्याइतकी प्रतिभा आहे. त्याला आतल्या बाजूने प्लायवूडचा किंवा पातळ प्लास्टिकचा ताठ पत्रा घालायला सांगावं, म्हणजे पिशवी आत वळून आऱ्यांत जाणार नाही. तोंड वरून गुंडाळून बकल लावायला सांगावं, म्हणजे जुलैतला पाऊस आत शिरणार नाही. आणि खालच्या कोपऱ्याला एक आकडा द्यावा, म्हणजे खड्ड्यात पिशवी उडणार नाही. वाघ नको म्हणून मात्र तीन वेळा सांगावं लागतं.

माणसं खुर्जीचं माप जाताना लागणाऱ्या सामानावरून ठरवतात, आणि इथेच यवतमाळ जिल्हा बाकीच्या जगाहून वेगळा पडतो. जाताना काय, दोन कपडे, चार्जर, पाण्याची बाटली, पोळ्यांचा डबा, ठेचा. माप येतानाचं धरायचं असतं. घाटंजीला बहीण असेल, दारव्ह्याला मामा असतील, तर पाहुणा रिकामा परत जाणं हा त्या घराचा अपमान असतो. तुरीची डाळ, लिंबं, सांडगे, पापड, वांगी, उन्हाळ्यात आंबे, थंडीत तुरीच्या शेंगा, आणि शेवटी ज्वारीचा एक लहानसा कट्टा, ज्याचं लहानपण उचलल्यावर कळतं. पूर्वी ‘सायकलवर कसं नेऊ?’ एवढं म्हटलं की सुटका व्हायची. मोटरने ती पळवाट बंद केली. ‘काहून बावा, मोटर हाये न तुह्या सायकलीले? मंग जड कायचं?’ या युक्तिवादाला उत्तर नाही. वर दिलेला दहा टक्क्यांचा हिशेब तर नेमका मामांच्या बाजूने जातो. म्हणून जाताना खुर्ज्या निम्म्या रिकाम्या ठेवाव्यात. आणि परतीचं सामान भरायचं काम पाहुण्याने स्वतः करावं, मामांना करू देऊ नये. मामा एका बाजूला डाळ भरतात आणि दुसऱ्या बाजूला पापड.

काळ्या मातीचं आणि बाभळीच्या काट्याचं प्रकरण थोडक्यात आटपतो. भरलेल्या सायकलचा एकपायी स्टँड ओल्या शेतवाटेत खचतो. एक्सलजवळ बसणारा दुपायी स्टँड घ्यावा. पंक्चर मागच्याच चाकाला होतं आणि त्या चाकात मोटर असते. गावातला पंक्चरवाला तिला हात लावायला घाबरतो, पण त्याने घाबरू नये. चाक न काढता ट्यूब एका बाजूने बाहेर ओढून चिकटवण्याची त्याची रोजची रीत इथे अगदी चपखल बसते. फक्त त्या बाजूची खुर्जी एका हाताने काढता यायला हवी. आणि पंप त्या खुर्जीच्या तळाशी, ज्वारीच्या खाली नसावा.

शेवटचा आणि वजनदार आक्षेप असा की, एवढी यातायात करण्यापेक्षा एसटीने जावं, नाहीतर स्कूटर घ्यावी. एसटीबद्दल आदर ठेवून सांगतो, ती तालुक्याला नेते; मामा राहतात फाट्यापासून पाच किलोमीटर आत. रेल्वेचा विचार करावा तर कापूस वाहण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेली मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला बंद पडली आहे, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावरची गाडी फेब्रुवारी 2024 मध्ये कळंबपर्यंत सुरू झाली. कळंबला उतरून चिंतामणीचं दर्शन घेऊन यवतमाळपर्यंतचे उरलेले वीस-बावीस किलोमीटर ई-सायकलने काटणं, हा उलट माझ्याच बाजूचा पुरावा आहे. स्कूटर जास्त वाहते, कबूल. पण तिला नोंदणी हवी, परवाना हवा. मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असलेल्या ई-सायकलला यातलं काही लागत नाही, त्यामुळे अकरावीतली भाचीही ती चालवू शकते आणि परवाना नूतनीकरणाला कंटाळलेले आजोबाही. आणि बॅटरी रस्त्यात संपलीच तर तिला पायडल असतं. ज्वारीच्या कट्ट्यासकट पायडल मारण्याचा प्रसंग सुखाचा नाही, पण तो पुढे जातो. स्कूटर ढकलावी लागते.

इतकं सगळं नीट जमवलं, दोन्ही बाजू तोलल्या, आकडे अडकवले, बकलं लावली, की निघतानाच्या घटकेला मामी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन बाहेर येतात आणि ती हँडलला अडकवतात. तिच्याविरुद्ध कोणताही युक्तिवाद चालत नाही. पण एक गोष्ट ठाऊक असावी: पुष्कळ ई-सायकलींच्या ब्रेकच्या दांडीत एक छोटा स्विच असतो, दांडी थोडी दाबली गेली तरी मोटर बंद होते, ब्रेक लागो न लागो. लिंबांची पिशवी त्या दांडीवर रेलते, दोन किलोमीटरवर मोटर गप्प होते, स्वार बॅटरीला शिव्या देत सायकल ढकलत पुढच्या गावापर्यंत जातो. तिथला मिस्त्री सगळ्या वायरी सोडून तपासतो, पुन्हा जोडतो, चहा मागवतो आणि सायकल नीट पाहता यावी म्हणून हँडलवरची पिशवी काढून बाजूला ठेवतो. मोटर चालू होते. मिस्त्री दीडशे रुपये घेतो आणि पिशवी परत हँडलला अडकवून देतो.