खिळा ठोकण्याची परवानगी मिळणेबाबत

श्री. रा. रा. मालकसाहेब,
मुक्काम समुद्रापलीकडे (नेमका पत्ता करारनाम्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असावा), यांस
भाडेकरूचा कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

विषय : मी पैसे मोजून आणलेल्या संगणकात एक खिळा ठोकण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : 'मी सहमत आहे' हे बटण. आजवर असंख्य वेळा दाबलेलं, वरचा मजकूर एकदाही न वाचता.

महोदय,

पत्रास कारण की, मी आपला जुना भाडेकरू. आपली प्रत्यक्ष भेट नाही, पण ओळख करून देण्याची गरज नसावी. गेल्या पावसाळ्यात आत्याच्या तेराव्यासाठी मी एक केटरर शोधला. तेव्हापासून आपण दर चार दिवसांनी मला तेराव्याचे मेनू दाखवत आहात. एवढी चौकशी तर नात्यातल्यांनीही केली नाही. आता घरात कुणी नुसतं खोकलं तरी पडद्याकडे बघायची मला भीती वाटते.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. पागडीची खोली, दहा बाय बारा. 'कालनिर्णय' टांगायला वडिलांना भिंतीत एक खिळा हवा होता. भाडं न्यायला येणारा मेहता म्हणाला, "शेठला विचारावं लागेल." वडिलांनी मान डोलावली, त्याला चहा पाजला, तो जिना उतरल्याची खात्री केली आणि हातोडी काढली. पुढच्या महिन्यात मेहता आला, त्याच खिळ्यावरच्या कालनिर्णयात एकादशी कधी आहे ते बघून गेला. खिळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. वहिवाट म्हणजे काय, हे मला त्या खिळ्याने शिकवलं.

शेठही काही संत नव्हते, पण त्यांच्या मालकीला उंबरठा होता. खोलीत येताना ते चप्पल बाहेर काढत. आमचं कपाट त्यांनी कधी उघडलं नाही. आम्ही काय शिजवतो, कोण पाहुणा किती दिवस राहतो, याची वही त्यांच्याकडे नव्हती. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तर पागडीच्या देण्याघेण्यालाच मान्यता दिली, आणि त्याच कायद्याच्या २९व्या कलमाप्रमाणे योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी-वीज तोडायला मालकाला मनाई आहे. पोपडे धरलेल्या भिंतींच्या खोलीतला माणूससुद्धा इतका सुरक्षित होता.

आता आपल्या खोलीकडे वळतो. हा संगणक मी दुकानातून रोख पैसे देऊन आणला. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. दर दसऱ्याला त्याला झेंडूचा हार असतो. पण पूजा माझी आणि मालकी आपली, कारण करारनामा सांगतो की आतलं सॉफ्टवेअर मला विकलेलं नाही, फक्त वापरायला दिलेलं आहे. आपण अपरात्री येता, 'अपडेट' म्हणता, सामानाची जागा बदलता आणि निघून जाता. सकाळी माझी फडताळं दुसऱ्याच भिंतीला. येण्याआधी आपण विचारता, हे मान्य करायला हवं. त्यासाठी दोन बटणं देता : 'आत्ता' आणि 'थोड्या वेळाने'. 'नको' हे अक्षर आपल्या बाराखडीत नसावं.

आपल्या धंद्यातले एक शेठ याच्याही पुढे गेले होते. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली दोन पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. ज्याने ती विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, असं कारण दिलं. पैसे परत केले, पुढे जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. ती दोन पुस्तकं जॉर्ज ऑर्वेलची होती, 'अॅनिमल फार्म' आणि 'नाइन्टीन एटी-फोर'. मी ठरवून विनोद करायला बसलो असतो तरी एवढा जमला नसता. आमचा रद्दीवाला कालचा पेपर नेतानाही दाराबाहेर उभा राहून विचारतो, हे आपल्या माहितीसाठी.

तर खिळ्याविषयी.

मी डीटीपीवाला. ब्रोमाइड काढायच्या काळातला. युनिकोड आमच्या गल्लीत पोहोचलं नव्हतं. प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टचे संकेत वेगळे. एका प्रेसमधली फाइल दुसऱ्या प्रेसमध्ये उघडली की मराठीच्या जागी चौकोन, टिंबं आणि डोक्यावर टोप्या घातलेली युरोपातली अक्षरं. त्यात आमच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागायचं. संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागी खोचायचं, काडेपेटीएवढं कुलूप. ते नसेल तर सॉफ्टवेअर मुकं.

१९९७ साली मी एका छोट्या दिवाळी अंकाची जुळणी केली. त्यात वडिलांचा लेख होता, आमच्या चाळीवरचा. त्यांनी आयुष्यात लिहिलेला हा एकच लेख. त्या फायली माझ्याकडे आजही जशाच्या तशा आहेत. डोंगलही आहे, सोनाराच्या डबीत ठेवलेलं. पण ते जिथे खोचायचं ते भोक आताच्या संगणकाला नाही आणि ज्या कंपनीने ते दिलं तिचा फोन कुणी उचलत नाही. लेख वडिलांचा, जुळणी माझी, चकती माझी, आणि अक्षरं आपल्या जातभाईंच्या कुलपात.

आपण म्हणाल, कायदा बघा. बघितला. आमच्या देशातला १९५७चा कॉपीराइट कायदा भाडेकरूशी बराच सौजन्याने वागतो. ५२व्या कलमाप्रमाणे रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची जपणुकीसाठी प्रत काढता येते, ते कसं चालतं याचा अभ्यास करता येतो, घरगुती, बिनधंद्याच्या वापरासाठी त्यात फेरफारही करता येतो. म्हणजे कायद्याने खिळा ठोकायला परवानगी आहे. पण आपण भिंतच पोलादाची बांधलीत. सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, माणसाला वाचता येतो तो, आपल्या तिजोरीत. आमच्याकडे येतात ते यंत्रापुरते आकडे. कायद्याने हातात हातोडी दिली आणि आपण भिंतीला हात लावू दिला नाहीत.

या भिंतीवर पहिल्यांदा डोकं आपटणारा मी नव्हे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर होते. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा, म्हणून त्यांनी त्याच्या प्रोग्रॅममध्ये एक खिळा ठोकला होता. कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाई आणि कुणीतरी उठून कागद मोकळा करी. १९८०च्या सुमारास झेरॉक्सकडून नवा लेझर प्रिंटर आला. त्याचा मूळ मजकूर मिळेना. तो ज्याच्याकडे होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाने 'कुणाला देणार नाही' अशा करारावर सही केली होती. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मूळ मजकूर सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केलं. दोन्ही मिळून भाडेकरूंची एक अख्खी सोसायटी उभी राहिली. गंमत म्हणजे आज आपल्यातल्या बऱ्याच शेठजींचे सर्व्हर त्याच सोसायटीच्या पायावर उभे आहेत. आपल्या वाड्याचा पाया मोकळा आणि आमच्या खोलीला तेवढं कुलूप.

स्टॉलमन यांना इंग्रजीने फार छळलं. त्या भाषेत 'मोकळं' आणि 'मोफत' यांना एकच शब्द, म्हणून त्यांना जन्मभर समजावत फिरावं लागलं. आमच्या मराठीत मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं. तरीही मी शेजाऱ्यांना मुक्त सॉफ्टवेअर म्हटलं की ते विचारतात, "म्हणजे फुकट ना?" भाषेने केलेली सोय आम्हीच वापरत नाही, याला मालक काय करणार?

आपली बाजू मला कळत नाही असं नाही. खुली पत्रं लिहिण्याची चाल आपल्याच धंद्यातल्या वडीलधाऱ्यांची. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना खुलं पत्र लिहून सुनावलं होतं की तुमच्यातले बहुतेक जण आमचं सॉफ्टवेअर चोरतात, मग चांगलं काम करणं कुणाला परवडेल? प्रश्न रास्त होता. लग्नपत्रिका छापून घेऊन लग्नानंतर तोंड चुकवणारी गिऱ्हाइकं मीही पाहिली आहेत. आणि आमच्या प्रेसमधल्या चार संगणकांपैकी एकाचंच सॉफ्टवेअर विकत घेतलेलं होतं, हेही आता सांगून टाकतो. तेव्हा पैसे घेऊ नका, असं माझं म्हणणं नाही. भाडं घ्या, पागडी घ्या. फक्त भिंतीच्या आत काय भरलंय ते बघू द्या.

राहता राहिली सहमती. २०२३ साली आमच्या संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. त्याच्या सहाव्या कलमात संमती कशी असावी ते सांगितलं आहे : मुक्त, विशिष्ट, सगळं कळून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध. शिवाय त्यासाठीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळाली पाहिजे. हे विशेषण-पंचक मी आपल्या बटणाशेजारी धरून पाहिलं. 'सहमत नाही' दाबलं की यंत्र पुढेच सरकत नाही, मग यातलं 'मुक्त' कुठे ठेवायचं ते कळेना. बोहल्यावर 'सावधान' ऐकून नारायण पळाला आणि पुढे समर्थ झाला, अशी आमच्याकडे गोष्ट आहे. त्याच्या मांडवाला निदान दार होतं. आपल्या मांडवात मंगलाष्टकं चाळीस पानांची, 'सावधान' कुठेच नाही, आणि बाहेर पडायची वाट फक्त नवरदेव झाल्यावर उघडते.

सबब, पुढील मागण्या नम्रपणे सादर करतो. स्टॉलमन यांच्या पद्धतीप्रमाणे मोजणी शून्यापासून केली आहे. चूक समजू नये.

० : खोलीचा वापर मी कशासाठीही करीन. स्वयंपाक, अभ्यास की बुद्धिबळ, ते विचारू नये.

१ : भिंत आतून बघता यावी आणि तिच्यात खिळा ठोकता यावा.

२ : शेजाऱ्याला तशीच खोली हवी असेल तर मला तिची नक्कल देता यावी. संगणकातल्या खोलीची नक्कल दिल्याने माझी खोली लहान होत नाही, हे आपल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

३ : मी ठोकलेला खिळा चांगला निघाला, तर खिळ्यासकट ती नक्कल साऱ्या चाळीला वाटता यावी.

उत्तर सवडीने पाठवावं. लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक (बटण दाबण्यापुरता),
भाडेकरू

ता. क. : वरील पत्र लिहून होईपर्यंत थोडा उशीर झाला. मधल्या काळात भाची सुट्टीला आली आणि तिने माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स चढवलं. सारं गोड झालं असं नाही. पहिले दोन दिवस वायफाय रुसलेलं होतं आणि प्रिंटर तर अजूनही मनात येईल तेव्हाच छापतो. डोंगलचं कुलूप तिलाही उघडता आलं नाही. मग आम्ही १९९७च्या त्या अंकाची उरलेली एकुलती प्रत स्कॅन केली. टेसरॅक्ट नावाचा एक प्रोग्रॅम आहे, छापील अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देणारा. तो मुळात ह्युलेट-पॅकार्डचा. २००५ मध्ये त्यांनी त्याचं कुलूप काढून तो सगळ्यांसाठी मोकळा केला आणि आता त्याला मराठीही वाचता येतं. मालकांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, त्याचं हे उदाहरण मुद्दाम आपल्यासमोर ठेवतो.

वडिलांचा लेख आता मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेल्या 'मुक्ता' या मुक्त परवान्याच्या टंकात माझ्यासमोर आहे. पिवळ्या पानांवरची फिकट अक्षरं, त्यामुळे दर ओळीला एखाददुसरी चूक. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात मेहता, चहा आणि कालनिर्णय यांची हकिकत आहे. तिथे टेसरॅक्टने 'खिळा'चं 'खिला' केलं होतं. मी ते दुरुस्त केलं आहे. आपल्याला विचारायचं राहिलं.