तासांचा जमाखर्च

मनुष्याच्या दयाबुद्धीचे मोजमाप करता येत नाही, अशी ज्या कोणाची अद्याप समजूत असेल, त्याने न्यू जर्सीतील एडिसन गावी एखाद्या मराठी कुटुंबात चार दिवस मुक्कामास जावे, आणि त्या घरात ‘प्री-पीए’ अवस्थेतील कन्या असल्यास तिच्या संगणकावरील तक्ता तिच्या परवानगीने एकवार पाहून यावे. कोणत्या तारखेस, कोणत्या संस्थेत, किती वेळ आपण रुग्णांचा रक्तदाब मोजला, किती वेळ अंथरुणास खिळलेल्या वृद्धांना या कुशीवरून त्या कुशीवर वळविले, आणि हे सारे कोणा वरिष्ठाच्या देखरेखीखाली घडले, याचा पाव तासापर्यंतचा तपशील त्या तक्त्यात अशा चोखपणे उतरलेला असतो की, नाना फडणविसांनी तो पाहिला असता तर मुलीला उमेदवारीची तसदी न देता थेट दफ्तरात नेमून टाकले असते.

ही कन्या वयाने बाविशी-तेविशीची, पदवीने जीवशास्त्राची आणि मुद्रेने सदैव अपुऱ्या झोपेची असते. फिजिशियन असिस्टंट (पीए) व्हावे, म्हणजे डॉक्टरांच्या सहकार्याने रुग्ण तपासावेत, निदान करावे, औषधे लिहून द्यावीत, शस्त्रक्रियेच्या वेळी हाताखाली उभे राहावे, हे तिचे ध्येय. ते तिला स्वतःला लख्ख ठाऊक असले, तरी महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ते इतरांस समजावून सांगण्याचे काम तिच्या मातोश्रींकडे येते, आणि तेथे ‘असिस्टंट’ हा शब्द उच्चारताच मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले कोणी पुणेकर आजोबा प्रसादाची वाटी खाली ठेवून, ‘म्हणजे कंपाउंडर का हो?’ असे अत्यंत सौजन्याने विचारतात. २०२१ साली या व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘फिजिशियन असोसिएट’ हे नवे नामाभिधान स्वीकारले, तेव्हा त्याचा सर्वाधिक आनंद व्यावसायिकांना झाला की त्यांच्या मातांना, हे सांगणे कठीण आहे.

वस्तुतः या पेशाचा उगम मोठा साधा आणि म्हणूनच मला फार आदरणीय वाटतो. १९६५ साली नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या तुकडीत अवघे चार विद्यार्थी होते, आणि ते चौघेही नौदलात रुग्णसेवेचे काम करून आलेले होते. देशात डॉक्टरांचा तुटवडा, आणि इकडे जखमा बांधण्यापासून ज्वर उतरविण्यापर्यंत सर्व प्रकार हाताखालून गेलेले हे गडी नागरी जीवनात परतताच, हाती दाखला नाही म्हणून निरुपयोगी ठरलेले. अशा स्थितीत त्यांच्या अंगच्या विद्येस दोन वर्षांच्या शिक्षणाची जोड द्यावी आणि त्यांना डॉक्टरांच्या बरोबरीने कामास लावावे, असा स्टेडसाहेबांचा हिशेब होता. १९६७ च्या ऑक्टोबरात त्यांपैकी तिघे उत्तीर्ण झाले. आता या चौघांस कोणी ‘तुमच्या अनुभवाचे तास किती, आणि ते प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक काय?’ असे विचारले असते, तर त्यांनी बहुधा समुद्राकडे बोट दाखविले असते. अनुभव आहे पण कागद नाही अशा माणसांसाठी जो दरवाजा उघडला गेला, त्याच दरवाजात आज कागदाखेरीज अनुभवास उभे राहू देत नाहीत. आणि आमच्या कन्येची सारी धावपळ त्या उंबरठ्यावरची आहे.

कारण अनुभव म्हटला की तो कोणत्या रकान्यात घालावयाचा हा प्रश्न आलाच. अर्ज एका मध्यवर्ती यंत्रणेमार्फत जातो. तिचे नाव कॅस्पा, आणि काही संस्था याखेरीज जी एक परीक्षा मागतात तिचे नाव कॅस्पर, त्यामुळे घरातील वडील माणसे या दोघांना अखेरपर्यंत भावंडेच समजत राहतात. या कॅस्पाच्या अर्जात रुग्णाच्या अंगास हात लावून केलेली सेवा निराळी, रुग्णालयात राहून पण हात न लावता केलेले काम निराळे, डॉक्टरांच्या वा पीएच्या मागे मुकाट्याने हिंडून केलेले निरीक्षण निराळे आणि निव्वळ परोपकार निराळा. रुग्णवाहिकेवरील काम पहिल्या वर्गात निर्विवाद बसते. परंतु डॉक्टर बोलत असताना त्यांचे बोलणे टिपून घेणाऱ्या ‘स्क्राइब’चे तास कोठे धरावेत, याविषयी एका विद्यापीठाचे मत एक आणि दुसऱ्याचे नेमके उलट, आणि म्हणून दोन प्री-पीए मुली कोठे भेटल्या की त्यांच्यात जो शास्त्रार्थ रंगतो तो ऐकताना निर्णयसिंधूकारांनाही आपण अधिकमासाचा विषय फार थोडक्यात उरकला असे वाटावे. संस्थांच्या अपेक्षाही एकसारख्या नाहीत: कोणी ५०० तासांवर संतुष्ट, कोणी १००० मागते, कोणास २००० हवे असतात, आणि ‘किमान’ या शब्दावर विसंबून राहणारी मुलगी मूर्ख होय, याबाबत मात्र या समाजात पूर्ण एकमत आहे.

या वर्गीकरणाची सवय एकदा जडली की ती घरीही सुटत नाही. साताऱ्याहून आलेल्या आजींचे गुडघे दुखत असतात. नात त्यांना तेल चोळून देते, रक्तदाब पाहते, गोळ्यांच्या वेळा सांभाळते, आणि हे सर्व मनापासून करीत असताही तिच्या चेहऱ्यावर एक सूक्ष्म हळहळ तरळते, कारण नातलगांची सेवा कोणत्याही रकान्यात बसत नाही. ‘अगं, एवढं करतेस तर सरळ डॉक्टरच का होत नाहीस?’ असे आजी विचारतात. हा प्रश्न मुलाखतीत हटकून विचारला जातो हे ठाऊक असल्याने नात तत्क्षणी सावरून बसते आणि सांघिक कार्यावरील निष्ठा, रुग्णासाठी मिळणारा अधिक वेळ, तसेच एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नव्याने दीर्घ प्रशिक्षण न घेता जाण्याची मोकळीक, या तिन्ही मुद्द्यांचे नीटस विवेचन इंग्रजीतून करते. आजींना त्यातले काहीच कळत नाही. तथापि नात बोलते छान, एवढे त्यांना पटते.

खरे संकट पुढेच असते. अर्जासोबत आपली कैफियत लिहून द्यावी लागते, तीही मधल्या मोकळ्या जागा धरून ५००० अक्षरांत, आणि या कैफियतीत एक हृदयस्पर्शी रुग्ण असावा असा संकेत आहे. आमची कन्या वृद्धाश्रमात परिचारिकांच्या हाताखाली काम करते. पहाटे म्हाताऱ्यांना उठविते, न्हाऊ घालते, भरविते. पण हृदयस्पर्शी असे कोणी काही बोलतच नाही! एका आजोबांच्या उशाशी ती रोज आशेने बसे, आणि ते रोज पुडिंग गार का नाही याचाच जाब तिला विचारीत. त्यांनी एके दिवशी तिचा हात हाती घेतला, तेव्हा तिचा ऊर भरून आला. परंतु त्यांना फक्त घड्याळात किती वाजले ते पाहावयाचे होते. पाळी संपल्यावरही ती कित्येकदा त्यांच्यापाशी थांबत असे, आणि ते तास तिच्या तक्त्यात नाहीत हे मी स्वतः पाहिले आहे. तिला विचारता, हजेरीपटावर सही नव्हती म्हणून, एवढेच उत्तर तिने दिले.

गुणांच्या बाबतीत तर या व्यवस्थेस क्षमा ठाऊकच नाही. पहिल्या वर्षी, वसतिगृहातील स्वातंत्र्याच्या धुंदीत सेंद्रिय रसायनशास्त्रात हुकलेला पेपर पुढे पुन्हा बसून उत्तम सोडविला, आणि महाविद्यालयाने उदार मनाने जुने गुण पुसून टाकले, तरी कॅस्पा दोन्ही प्रयत्न मोजते. या बाबतीत ती चित्रगुप्ताहून कठोर आहे, कारण चित्रगुप्ताच्या दरबारी निदान गंगास्नानाची सोय आहे. शिफारसपत्रांसाठी ज्या डॉक्टरांच्या मागे ती सावलीसारखी हिंडली, त्यांना स्मरणपत्रे पाठविताना ती जी नम्रता दाखविते, तिच्या दशांशाने जरी घरी दाखविली असती तर मातोश्री धन्य झाल्या असत्या. एप्रिलअखेर अर्जाची खिडकी उघडते, अनेक संस्था आलेले अर्ज क्रमाक्रमाने निकालात काढतात, म्हणून पहिल्या सप्ताहात अर्ज गेलाच पाहिजे; त्या दिवसांत घरात दूरदर्शनचा आवाज बंद असतो आणि वडील वरणाला फोडणीसुद्धा हलक्या हाताने देतात.

मुलाखतीचे बोलावणे आले की पोशाख, नौका आणि निद्रा यांची विवंचना सुरू होते. नौका म्हणावयाचे कारण, विमानाने बॉस्टनला जावे की मोटारीने, यावर कुटुंबात जो खल होतो तो प्राचीन समुद्रपर्यटनास शोभावा. तेथे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातून पसरलेली एक पद्धत असते: एकामागून एक खोल्या, प्रत्येक दाराबाहेर एक पेचप्रसंग लिहिलेला, तो दोन मिनिटांत वाचावयाचा आणि आत जाऊन अनोळखी परीक्षकासमोर निस्तरावयाचा. सहकाऱ्याच्या तोंडास मद्याचा वास येत आहे, आपण काय कराल? ज्या मुलीच्या घरी सत्यनारायणाखेरीज तीर्थ घेतले जात नाही, तिला या सहकाऱ्याविषयी अपार करुणा दाखवून त्याची तक्रारही करावी लागते.

आणि यथावकाश एका संस्थेचा होकार येतो. आई रडते, वडील पेढ्यांसाठी ओक ट्री रोडकडे धावतात, आजी देवापुढे साखर ठेवतात. पुढे सुमारे सत्तावीस महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच्या शेवटी ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, आणि ती उत्तीर्ण झाल्यावरही प्रमाणपत्र राखण्यासाठी दर दोन वर्षांनी १०० तासांच्या बरोबरीचे निरंतर शिक्षण, हे सर्व तिने त्याच रात्री बाबांना समजावून सांगितले. सांगता सांगता तक्त्यात एक नवा, कोरा रकाना उघडला. बाबांनी भीत भीत विचारले, ‘मग हे जुने रकाने आता काढून टाकायचे ना?’

‘बाबा, काहीतरीच काय! डिलीट नको हं करूस,’ ती म्हणाली, ‘ऑडिट झालं तर?’