परमुलखी नागपूरकराने लोकांचे समज कसे सांभाळावेत

नोकरी, शिक्षण किंवा सोयरीक यांपैकी कोणत्याही निमित्ताने पुण्यामुंबईकडे स्थलांतर करणाऱ्या नागपूरकराजवळ अंथरूण, फराळ आणि दाखले यांची तजवीज बहुधा चोख असते. परंतु आपण पोहोचण्यापूर्वीच आपल्या गावाविषयीचा संपूर्ण मजकूर तेथील लोकांच्या ठायी तयार असतो, आणि ज्याच्याविषयी तो आहे त्या इसमास त्यात काना-मात्रेचाही फेरफार करण्याचा अधिकार नसतो, याची पूर्वसूचना त्याला कोणी देत नाही. सबब हे मार्गदर्शन. यातील मूळ तत्त्व असे की, दुसऱ्याचा समज ही त्याची वडिलोपार्जित मिळकत होय. तीत खुलासा घेऊन शिरणे हे अतिक्रमण असून त्याने सोयरीक मोडते, आणि भाड्याची खोली तर हमखास जाते.

आरंभ संत्र्यापासून करावा, कारण समोरचा मनुष्य तेथूनच करतो. ‘संत्री नाही आणलीत?’ हा प्रश्न बहुधा मे महिन्यात येतो. अशा वेळी, आंबिया बहार साधारणतः हिवाळ्यात निघतो, मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी संपत येतो, आणि सांप्रत मृगाच्या फुलोऱ्यासाठी बागा ताणावर सोडलेल्या आहेत, असला कृषिविषयक जाबजबाब देऊ नये. या फळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते नागपूरच्या नावाने असले, तरी त्याच्या थोरल्या बागा अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडे आहेत, हे तर जिभेच्या टोकावर आले तरी गिळावे. कारण ऐकणारा लगेच ‘मग नागपुरात आहे तरी काय?’ असे विचारतो आणि उत्तर सुचेपर्यंत चहा निवतो. प्रवासाला निघताना संत्रा बर्फीचे दोन डबे घ्यावेत. बर्फीस बहार नसतो.

‘म्हणजे तुम्ही मध्य प्रदेशातले का?’ हा प्रश्न ऐकून पुष्कळ तरुण नागपूरकर संतापतात; तो संताप अनाठायी आहे, कारण या प्रश्नाचे उत्तर एके काळी ‘होय’ असेच होते. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हापासून हे शहर त्याची राजधानी होते. १९५० साली त्या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले तेव्हाही राजधानी येथेच राहिली. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत राजधानी भोपाळास गेली व आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो. राजधानीपण गेल्याचा मोबदला म्हणावा असे, १९५३च्या नागपूर करारात कबूल केलेले, वर्षातले एक अधिवेशन आम्हांस लाभते. त्या हिवाळी अधिवेशनासाठी सारे सरकार डिसेंबरात येथे येते, स्वेटर घालते, हुरड्याची आमंत्रणे स्वीकारते, आणि मुंबईस परतून नागपूर म्हणजे भट्टी असे पूर्ववत सांगू लागते.

उन्हाविषयी याच कारणास्तव वाद घालू नये. मे २०२४मध्ये येथील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखविला, तो देशभर पसरला, आणि पुढे हवामान खात्याने यंत्राचा संवेदक बिघडला होता असा खुलासा केला. तो खुलासा मात्र नागपूरच्या हद्दीबाहेर फारसा गेलेला दिसत नाही. वास्तविक पंचेचाळीस अंशही माणसास पुरेसे असतात, परंतु श्रोत्यास पुरत नाहीत. म्हणून छप्पनचा आकडा नाकारू नये, केवळ सुस्कारा टाकावा. २०१८च्या डिसेंबरअखेर हाच पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, ही माहिती घरच्या मंडळींसाठी राखून ठेवावी.

भाषेचे प्रकरण अधिक नाजूक आहे. यजमानीणबाई कौतुकाने म्हणतात, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो, नागपूरचे वाटतच नाही!’ येथे आभार मानल्यास आपल्या गावाचा अपमान होतो आणि न मानल्यास यजमानीणबाईंचा. म्हणून ताबडतोब ‘काहून जी, असं काहून म्हणता?’ असे उत्तर देऊन त्यांचा जीव भांड्यात पाडावा. यापुढची पायरी म्हणजे ‘जरा वऱ्हाडी बोलून दाखवा ना’ ही फर्माईश. वऱ्हाड हा अमरावती-अकोल्याकडचा मुलूख, तो निजामाचा असून १९०३ साली मध्य प्रांताच्या कारभारास जोडला गेला, नागपूर हा भोसल्यांचा मुलूख आणि पूर्वेकडील झाडीपट्टीची बोली तर दोहोंहून निराळी, हा भेद सांगू गेल्यास फर्माईश करणाऱ्याचा चेहरा पडतो. धरमपेठेत वाढलेल्या व घरी ‘मला-तुला’च म्हणणाऱ्या मुलाने निघण्यापूर्वी निदान पंधरवडाभर ‘मले-तुले’चा सराव करावा, आणि ‘येऊन राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ यांची उजळणी गाडीत करावी. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे ते म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ आमच्याच मुलखात, रिद्धपुरास, तेराव्या शतकात सिद्ध झाले, हे कोणासही सांगू नये. संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी अत्यंत सुकुमार अशा काव्यरीतीस ‘वैदर्भी’ हे नाव दिले, हे सांगितल्यास तर विनोद समजून लोक हसतात, आणि आपणासही त्यांच्याबरोबर हसावे लागते.

जेवणाच्या पंक्तीत सावजी रश्शाचा विषय निघतोच. हे झणझणीत पाकशास्त्र मूळचे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचे. नागपुरातील कितीतरी कुटुंबांत वर्षभर सौम्य वरणभातच शिजतो आणि फार झाले तर रविवारी वडाभात किंवा सांबारवडी होते. तथापि यजमानांनी मुद्दाम तिखट घातलेली आमटी पुढे केल्यास ‘यात तिखट आहे कुठे?’ असे म्हणून ती प्यावी. डोळ्यांतून पाणी आल्यास गावाची आठवण झाली असे सांगावे.

दसऱ्याविषयी विचारणारे गृहस्थ सावध असतात. १९२५च्या विजयादशमीला येथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, तीही विजयादशमीच, येथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली; त्यामुळे दर दसऱ्यास एकाच शहरात दोन निरनिराळे समुदाय लोटतात, आणि तिसरे असंख्य नागपूरकर बहुधा सोने वाटत हिंडत असतात. परंतु प्रश्नकर्त्याने आपले आडनाव विचारून यांपैकी एक शक्यता आधीच वजा केलेली असते व तिसरी त्याच्या हिशेबातच नसते. येथे मार्गदर्शन एवढेच की, हवामानाकडे वळावे. ५६ अंशांचा उपयोग अशा वेळी होतो.

‘तुमच्याकडचे शेतकरी...’ एवढे म्हणून जो थांबतो, त्याच्यापुढे वरील कोणतेही कलम लागू करू नये. पावसावर सोडलेला कापूस, बियाण्याचे आणि फवारणीचे कर्ज, आणि वेचणी संपता संपता बसलेला भाव, हे सगळे त्याने विचारल्यास शांतपणे, सविस्तर, घड्याळाकडे न पाहता सांगावे. बहुतेक जण विचारत नाहीत. ते वाघांकडे वळतात.

वाघांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात आहे आणि नागपूरहून तेथे जाण्यास मोटारीने काही तास लागतात, ही कोरडी वस्तुस्थिती बाजूस ठेवून, सीताबर्डीवर संध्याकाळी जरा जपूनच जावे लागते, असे मोघम सांगावे. ते खोटेही नाही. तेथील रहदारी पाहिलेला मनुष्य याची साक्ष देईल.

अखेरीस कधीतरी हीच मंडळी पाहुणे म्हणून नागपुरास येतात. त्यांना प्रथम झिरो माइलला न्यावे आणि दगडी घोड्यांजवळ उभे करून, आपण भारताच्या ऐन मध्यबिंदूवर उभे आहोत, असे गंभीरपणे सांगावे. क्वचित एखादा पाहुणा अभ्यासू निघतो. १९०७ सालचा हा दगड भूमापनखात्याचे समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्याचे प्रमाणचिन्ह होय, आणि देशाच्या मध्यबिंदूचा मान तर मध्य प्रदेशातील करौंदी हे गाव सांगते, अशी कैफियत तो तेथेच मांडू लागतो. त्यास पुढे बोलू देऊ नये. हा समज आपला स्वतःचा आहे, आणि परक्यांचे इतके समज सांभाळणाऱ्यास घरचा एक बाळगण्याची मुभा असावी. पाहुण्यास उन्हाचे कारण सांगून त्वरित मोटारीत बसवावे. महिना डिसेंबरचा असला तरी हरकत नाही. नागपुरात बारमाही ऊन असते, हे त्याने आपल्याच तोंडून ऐकलेले असते.