अण्णा पॉज घेतात

चित्रमुद्रित भाषणाचा मोठा गुण असा, की वक्त्याला मध्येच थांबवलं तरी तो रागावत नाही. हा शोध आमच्या अण्णांना फार उशिरा, म्हणजे निवृत्तीनंतर लागला. पण त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलेलं नाही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी दहा वाजता हॉल उघडतो. एका बाजूला कॅरम बोर्ड, दुसऱ्या बाजूला मागच्या गणपतीचं मखर, मधल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि समोर भिंतीवर प्रोजेक्टर. जगातल्या नामांकित माणसांची भाषणं ऐकायची आणि त्यावर चर्चा करायची, असा हा उपक्रम आहे. उपक्रमाला नाव नाही. कुणी नाव सुचवलं की त्यावर चर्चा होते, चर्चेत दोन गट पडतात आणि विषय पुढच्या रविवारवर जातो.

असे अण्णा आता बहुतेक मोठ्या सोसायट्यांत एक तरी असतात. हातात रिमोट, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, आणि कपाळावर ‘एक मिनिट, एक मिनिट’ असं कायमचं उमटलेलं. पण नुसता रिमोट हातात आला म्हणून कुणी अण्णा होत नाही. त्यासाठी आधी चाळीसेक वर्षं श्रोता असावं लागतं.

अण्णा तसे होते. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला पुण्यात अजून एप्रिल-मेच्या उकाड्यात भरते. कॉलेजात असल्यापासून अण्णा टिळक स्मारक मंदिरात हजर. पुढे बँकेत लागले, तरी ‘मार्च एंडिंग’ आटोपलं की व्याख्यानमाला, हा क्रम चुकला नाही. काश्मीर प्रश्न, ज्ञानेश्वरी, ऊस, अणुऊर्जा, स्त्रीमुक्ती असं सगळं ऐकलं. प्रत्येक भाषण ऐकताना त्यांना एक प्रश्न सुचायचा. तो ते चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहायचे, चिठ्ठी हातोहात व्यासपीठापर्यंत पोचायची, आणि अध्यक्ष उठून सांगायचे की वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत. अण्णांच्या आयुष्यात वेळेचा अभाव नेमका त्यांच्या चिठ्ठीपाशी यायचा. ज्या चिठ्ठ्या व्यासपीठापर्यंत पोचल्याच नाहीत, त्या त्यांनी फायलीत लावून ठेवल्यात. अधूनमधून त्यातली एखादी काढून ते आम्हाला वाचून दाखवतात. वक्ता वारलेला असतो, प्रश्न मात्र ताजा.

मग अमेरिकेतल्या मुलानं प्रोजेक्टर पाठवला आणि ‘टेड’ची भाषणं दाखवली. ही परिषद कॅलिफोर्नियात 1984 साली सुरू झाली. तिकीट काढून आत बसणाऱ्यांपुरतीच तिची मजल होती. 2006 पासून भाषणं इंटरनेटवर फुकट मिळू लागली आणि हा प्रकार घरोघर पोचला. नियम असा की वक्त्यानं साधारण 18 मिनिटांत आटपायचं. अण्णांनी पहिला आक्षेप यालाच घेतला. “अठरा मिनिटांत आपल्याकडे पाहुण्यांचा परिचय होत नाही! शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन कधी करणार?” ही त्रुटी आता ते स्वतः भरून काढतात. आमच्याकडे अठरा मिनिटांचं भाषण दहाला सुरू होतं आणि बारापर्यंत संपतं, तेही पॅटिस गार होतील या भीतीनं.

पहिला पॉज वक्ता मंचावर येऊन उभा राहतो तेव्हाच पडतो. त्यानं अजून तोंडही उघडलेलं नसतं. “बघा. हातात कागद नाही,” अण्णा म्हणतात, आणि कागद घेऊन बोललेल्या पुण्यातल्या वक्त्यांची यादी सुरू होते. मग दोन वाक्यं होतात. पुन्हा पॉज. आता अनुवाद. हॉलमध्ये बसलेल्या बहुतेकांची मुलं परदेशात आहेत आणि व्हिसाचे फॉर्म त्यांनी स्वतः भरलेत, तरी अण्णा वाक्याचा मराठी अनुवाद करतात. मूळ वाक्य आठ शब्दांचं असेल तर अनुवादाला चार मिनिटं लागतात, कारण मुद्दा काय ते वक्त्याला नीट मांडता आलेलं नसतं. आणि शेवटी येतो तो खास पॉज: “हे आपल्याकडे पूर्वीच सांगून ठेवलंय.” कुठे, असं सोसायटीतल्या एका आयटीवाल्या मुलानं एकदा विचारलं. पुस्तक माळ्यावर आहे. माळ्यावरच्या त्या एका पुस्तकात न्यूरोसायन्स, वेळेचं नियोजन आणि पेंग्विनांचं स्थलांतर हे तिन्ही आहे, असं आतापर्यंत निष्पन्न झालंय.

थांबवलेल्या चित्रात कुणाचाच चेहरा चांगला दिसत नाही. जगातले थोर विचारवंत आमच्या भिंतीवर अर्धवट मिटलेले डोळे आणि उघडं तोंड घेऊन दहा-दहा मिनिटं तिष्ठत असतात. हान्स रॉसलिंग हे स्वीडिश डॉक्टर आकडेवारीचे बुडबुडे पडद्यावर असे पळवायचे की देशोदेशींची गरिबी आणि आयुर्मान गोष्टीसारखं कळावं. 2007 च्या भाषणाच्या शेवटी तर त्यांनी खरोखरची तलवार घशात घालून दाखवली. अण्णांनी नेमका तिथे पॉज घेतला. तलवार घशात, मान वर, आणि इकडे सोसायटीच्या टँकरच्या बिलावर विषय गेलेला. विणकाम करत बसणाऱ्या काकूंनी शेवटी हात जोडले, “अहो अण्णा, आधी त्यांना ती बाहेर तरी काढू द्या!”

नेट अडकून व्हिडिओ आपोआप थांबला की मात्र अण्णा चिडतात. गोल चक्र फिरू लागलं की ते रिमोटकडे आणि मग आमच्याकडे संशयानं बघतात. आपल्याशिवाय दुसरं कुणी थांबवतंय, हे त्यांना चालत नाही. आयटीतला मुलगा एकदा म्हणाला, “अण्णा, दीडपट वेगानं लावू का? मी सगळं तसंच ऐकतो.” अण्णांनी चष्मा काढला. “तुला विचार ऐकायचाय, की स्वारगेटची शिवनेरी पकडायचीय?”

आता या प्रकाराला नुसतं हसून चालणार नाही. सुगाता मित्रांच्या भाषणाच्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं. 1999 मध्ये या गृहस्थांनी दिल्लीत कालकाजीला ऑफिसच्या भिंतीला भोक पाडून त्यात कॉम्प्युटर बसवला आणि पलीकडच्या वस्तीतली पोरं कुणी न शिकवता तो चालवायला शिकली. पॉज. टेल्कोतून निवृत्त झालेले काका (कंपनीचं नाव बदलून जमाना झाला, काकांची टेल्कोच आहे) म्हणाले, “आपल्याकडे भिंतीला साधा खिळा ठोकला तर सेक्रेटरी नोटीस लावतो.” हशा. सेक्रेटरी हॉलमध्येच होते, त्यांनी खुलासा केला. खुलाशावर उपप्रश्न आला. आणि तासाभरानं असं ठरलं की वॉचमनच्या मुलांसाठी हॉलमधला जुना कॉम्प्युटर दुपारी उघडा ठेवायचा. भाषण सलग ऐकलं असतं तर आम्ही टाळ्या वाजवून पॅटिसकडे वळलो असतो.

केन रॉबिन्सन यांच्या वेळीही तसंच. शाळा मुलांची सर्जनशीलता मारतात का, असा प्रश्न विचारणारं त्यांचं 2006 चं भाषण जगानं डोक्यावर घेतलंय. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या बाई एरवी शेवटच्या रांगेत गप्प असतात. त्या दिवशी त्याच म्हणाल्या, “थांबवा हो अण्णा.” अण्णांना दुसऱ्याच्या सांगण्यावरून पॉज घेण्याची सवय नव्हती, पण घेतला. बाई म्हणाल्या, “साठ पोरांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि वर जनगणनेचं काम. यांना म्हणावं, करून दाखवा.” आणि मग जरा थांबून, गणिताच्या पेपरामागे बैल काढणाऱ्या एका मुलाबद्दल सांगितलं. फार छान बैल होता म्हणे. बाईंनी दोन मार्क कापले होते. रॉबिन्सनसाहेब भिंतीवर अर्धे डोळे मिटून ऐकत होते. अण्णासुद्धा काही बोलले नाहीत; ही घटना मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

एमी कडी यांच्या भाषणाचा रविवार मात्र अजून वादात आहे. कमरेवर हात ठेवून, छाती काढून दोन मिनिटं उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि आत्मविश्वास वाढतो, असं त्यांनी 2012 साली सांगितलं. अण्णांनी पॉज घेऊन सगळ्यांना उभं केलं. पट्टा बांधलेले टेल्कोकाका, हातात लोकर घेतलेल्या काकू आणि केवळ पॅटिससाठी येणारे एक गृहस्थ असे सगळे मखराकडे तोंड करून कमरेवर हात ठेवून उभे. तेवढ्यात आयटीतल्या मुलानं मोबाईल बघून जाहीर केलं, की 2015 साली जास्त माणसं घेऊन हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांत काही फरक दिसला नाही. 2016 मध्ये तर मूळ शोधनिबंधाच्या एका लेखिकेनंच आपला यावर आता विश्वास नाही असं लिहून टाकलं. आम्ही हात खाली घेतले. अण्णांनी घेतले नाहीत. “मला बरं वाटतंय,” ते म्हणाले. गंमत म्हणजे त्या नव्या प्रयोगात टिकलं ते एवढंच: शरीरात काही बदललं नाही, पण असं उभं राहिलेल्यांना आपण जोरात आहोत असं वाटलं. मुलानं हे प्रामाणिकपणे वाचून दाखवलं. त्याचा पस्तावा त्याला अजून होतोय, कारण आता प्रत्येक बैठक अण्णा कमरेवर हात ठेवून सुरू करतात.

गेल्या महिन्यात अण्णांची पंचाहत्तरी झाली. सत्काराला शाल-श्रीफळ तर आणलंच, पण आयटीतल्या मुलानं एक वेगळाच बेत केला होता. अनेक रविवार त्यानं गुपचूप मोबाईलवर अण्णांचे पॉज टिपले होते. वक्ते कापून टाकले, नुसते अण्णा ठेवले आणि नेमकं 18 मिनिटांचं भाषण जोडलं. दिवे घालवले. भिंतीवर अण्णा आले. हातात कागद नव्हता. टाळ्या पडल्या, काकूंनी विणकाम बाजूला ठेवलं, बाई पुढच्या रांगेत येऊन बसल्या. भिंतीवरचे अण्णा शिक्षणावर बोलू लागले, आणि खरं सांगायचं तर बरं बोलत होते.

दुसऱ्याच मिनिटाला चित्र थांबलं. खुर्चीतल्या अण्णांनी रिमोट वर धरला होता.

“एक मिनिट,” ते म्हणाले. “हा जे सांगतोय ते अर्धवट आहे.”

“अण्णा,” बाई म्हणाल्या, “अहो, ते तुम्हीच आहात.”

“म्हणूनच सांगतोय. मी याला पंचाहत्तर वर्षं ओळखतो. याचं वाचन वरवरचं आहे.”